माणसं खाली आली का?

दिवाळीत लोकांच्या घरी दिवे लागतात आणि वायरमनच्या घरी फोन वाजतो. एकाच आळीत चाळीस आकाशकंदील, शंभर माळा, वर चकलीच्या भाजणीसाठी गिरणी चोवीस तास चालू. मग डीपीचा, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो आणि आळीतलं झाडून सगळं माणूस वायरमनच्या नावानं बोटं मोडतं. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अजून फोन येतात. ‘‘नाना, लाईट गेली.’’ मी म्हणतो, ‘‘माझी पण गेलीय बाबा, मेणबत्ती लाव.’’

या अंकाच्या संपादकांनी विजेच्या नोकरीतले अनुभव लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारून घेतलं की दारूचं लिहिलं तर चालेल का. कारण माझ्या नोकरीतून दारू वगळली तर निम्म्या नोकरीचा हिशेब लागत नाही. ते म्हणाले, लिहा. म्हणून हे लिहितो आहे. मला दारू सोडून या श्रावणात एकोणीस वर्षं झाली.

आधी आमचं काम काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. गावाबाहेर जे सबस्टेशन असतं तिथून अकरा हजार व्होल्टच्या लाईनी निघतात. एखाद्या लाईनवर काम करायचं असलं की आमच्यातला एक जण आपल्या नावावर ‘परमिट’ घेतो. म्हणजे सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून सांगायचं, अमुक लाईन बंद कर, आम्ही खांबावर चढतोय. तो बंद करतो, वहीत आपलं नाव लिहितो. त्यानंतर कलेक्टर आला तरी ती लाईन चालू होत नाही. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून परत करायचं. आणि परत करताना ऑपरेटर एकच प्रश्न विचारतो, ‘‘माणसं खाली आली का?’’ आपण ‘‘आली’’ म्हणायचं, की तो खटका मारतो.

सगळी भिस्त त्या एका ‘आली’वर. वर चढलेला माणूस खाली असलेल्याच्या शब्दावर उघड्या तारांना हात घालतो. त्याशिवाय एक जादा खबरदारी असते. चढण्याआधी लांब काठीनं तिन्ही तारांवर साखळी अडकवायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत घट्ट करायचं. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. चुकून कुणी लाईन चालू केलीच, तर वीज साखळीतून जमिनीत जाते आणि सबस्टेशनात लाईन आपोआप बंद पडते. यात पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणून बरेच जण टाळतात. मी तर कायम टाळायचो. कारभारी कधीच टाळायचा नाही.

कारभारी म्हणजे माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच वर्षी कोपरगाव तालुक्यात नोकरीला लागलो, एकाच शिडीला खांदा दिला. बोलायला अगदी कमी, कामाला वाघ. साखळी लावताना मी त्याला चिडवायचो, ‘‘अरे, देवाला हार घालतोस का खांबाला?’’ तो म्हणायचा, ‘‘तुझं तू बग.’’

आता दारू कुठून आली ते सांगतो. उसाचा पट्टा, गोदावरीकाठची जमीन, आणि पाणी म्हणजे मोटार. भर उन्हात डीपी जळाली की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. वायरमन आपल्याकडे आधी यावा म्हणून तो काय करणार? बाटली आणायचा. ही आमच्याकडची रीतच होती म्हणा ना. कुणी मागायचं नाही, कुणी बोलायचं नाही, काम संपलं की गोठ्यात घोंगडी अंथरलेली असायची. पहिली काही वर्षं मी काम झाल्यावर प्यायलो, मग काम चालू असताना, आणि शेवटी शेवटी कामाला जायच्या आधी. घरी बायको सुमन आणि एक मुलगी. मुलगी शाळेतून येताना मी रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या बांधानं जायची. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, आणि त्याचंच निमित्त करून मी आणखी प्यायचो.

तो दिवस सांगायचा तर पाटाच्या कडेचा खांब. वरची तार पेलणारी चिनी मातीची चिमणी फुटली होती, ती बदलायची होती. वेळ दुपारी बाराची. परमिट माझ्या नावावर. कारभारीनं नेहमीसारखी साखळी लावली आणि तो वर चढला. तेवढ्यात एक ओळखीचा शेतकरी मोटारसायकलवर आला, म्हणाला, ‘‘नाना, पाच मिनिटं चला.’’ मी गेलो. त्याचा गोठा फर्लांगभर लांब, मध्ये उसाचं रान, खांब दिसत नव्हता. दोन पेले झाले, तीन झाले. घरातली म्हातारी येऊन म्हणाली, ‘‘आरं लाईट कवा यायची? दळान खोळंबलंय.’’ मला वाटलं, एवढ्या वेळात कारभारीचं झालंच असणार. अख्ख्या गँगला तेव्हा एकच मोबाईल आणि तो माझ्या खिशात. मी सबस्टेशनला लावला. ऑपरेटर विधाते होता, शांत आणि नियमाचा माणूस. त्यानं विचारलं, ‘‘नाना, माणसं खाली आली का?’’

मी म्हणालो, ‘‘आली.’’

स्फोटासारखा आवाज उसाच्या पलीकडून आला. मी धावत सुटलो, पाटात पडलो, उठलो. कारभारी खांबावर कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत होता. त्याचा डावा पंजा काळा पडला होता. साखळीनं वीज जमिनीत खेचली होती आणि लाईन तिथल्या तिथं बंद पडली होती, म्हणून तो जिवंत होता. ज्या साखळीची मी टिंगल केली होती त्या साखळीनं. शेतकऱ्यांनी त्याला खाली उतरवला. मला शिडी धरता आली नाही, ते काम दोन अनोळखी माणसांनी केलं.

कारभारीची दोन बोटं कायमची वाकडी झाली. चौकशी लागली. माझ्याबरोबर प्यायला बसणारे चार-पाच जण घरी आले आणि त्यांनी तोडगा काढला की कारभारीनं लिहून द्यायचं, मच्छिंद्रनं, म्हणजे मी, परमिट परत केलंच नव्हतं, ऑपरेटरनं चुकून खटका मारला. म्हणजे माझ्याऐवजी विधाते गेला असता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, इतका मी खाली गेलो होतो. कारभारीकडे जायची माझी हिंमत नव्हती म्हणून मी सुमनला दवाखान्यात पाठवलं.

ती परत आली, चप्पल काढली आणि उंबऱ्यातच बसली. म्हणाली, ‘‘त्ये म्हनले, वहिनी, मी खोटं लिवलं तर ह्यो उद्या परत परमिट घील. फुडच्या टायमाला वर दुसरं कोन आसंल, आन त्यानं साखळी लावलेली नसंल.’’

मी विचारलं, ‘‘मग तू काय म्हनलीस?’’

‘‘काय म्हननार? मी तुमच्यासाठी एक शबुद बी टाकला न्हाई.’’

कारभारीनं खरं ते लिहिलं. मी निलंबित झालो. दीड वर्ष घरी बसलो आणि दीड वर्ष कारभारीला शिव्या दिल्या. भेटेल त्याला सांगायचो, जोडीदारानं गळा कापला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते मनापासून खरं वाटत होतं.

त्या दिवसांत माझी पँट कमरेवरून घसरायला लागली होती. आमच्या खात्यातल्या सगळ्यांचे कपडे कोपरगावात लतीफभाई शिवायचे. बाजारपेठेतल्या बोळात एक टपरीएवढं दुकान, बाहेर एक बाकडं. मी पँट आत घ्यायला दिली. त्यांनी टेप कमरेभोवती फिरवला, मग जुनी वही काढून बघितली.

‘‘मच्छिंद्र, दोन वरसात तीन इंच गेली.’’

‘‘आजारी हुतो,’’ मी म्हणालो.

‘‘मला म्हाईत हाय कुटं गेली. माझी बी तितंच गेल्ती.’’ त्यांनी टेप गळ्यात टाकला. ‘‘ऐतवारी सकाळी दहा वाजता शाळेत ये. पँट तितंच देतो.’’

मी पँटीसाठी गेलो, हे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. दारू सोडायला वगैरे नव्हे. प्राथमिक शाळेतला दुसरीचा वर्ग. भिंतीवर बाराखडी, फळ्यावर शुक्रवारचा सुविचार, आणि त्या वीतभर उंचीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले अकरा बाप्ये. एक पाथर्डीकडचा ऊसतोडीचा मुकादम होता, कारखान्याचं गाळप सुरू झालं की दर वर्षी इकडे यायचा. एक मेडिकलवाला होता, एक निवृत्त फौजदार होता. त्या फौजदारानं मला दोनदा गाडीवरून उतरवून चौकीत बसवलं होतं. मी दारातच थबकलो. तो म्हणाला, ‘‘या नाना. त्या टायमाला मी बी पेलेलोच हुतो.’’

सगळे हसले. मी हसलो की रडलो ते मला आठवत नाही.

तिथं उपदेश नव्हता. एकेक जण उठून आपलं सांगायचा. ऊसतोडीत मजुरांच्या जोडीला कोयता म्हणतात आणि त्यांच्या आगाऊ पैशाला उचल. मुकादम म्हणाला, ‘‘मी बारा कोयत्यांची उचल घिऊन पळालो हुतो. आता त्याच बारा कोयत्यांसंगं फडात जेवतो. त्यानला बी आजून खरं वाटत न्हाई, आन मला बी.’’ बस्स, एवढंच बोलून तो खाली बसला. चहा झाला. चहाचे कप लतीफभाई धुवायला लागले, तसा मी पुढं झालो. त्यांनी मला हातानं बाजूला केलं. आमच्या त्या गटाची रीत अशी की ज्याला सोडून सगळ्यात जास्त दिवस झाले त्यानं कप धुवायचे. नव्या माणसानं फक्त प्यायचं. माझी उभी हयात साहेब लोकांच्या उतरंडीत गेलेली, मला हा उलटा कारभार काही केल्या समजेना. पँट मात्र त्यांनी दिली नाही. म्हणाले, काज राहिलंय, पुढच्या रविवारी घे. असं त्यांनी मला पाच रविवार बोलावलं.

पहिल्या वर्षात दोनदा घसरलो. दोन्ही वेळा मला वाटलं, आता हे हाकलून देणार. दोन्ही वेळा माझा कप तसाच पुढं आला. त्यानंतर आजतागायत घेतलेली नाही.

नोकरी परत मिळाली, पण काम मिळालं नाही. म्हणजे हजेरी लागायची, परंतु माझ्या परमिटवर कुणी खांबावर चढेना. साहेबांनी लेखी काही काढलं नव्हतं, कारण लागतच नव्हतं. मी शिडी वाहायची, तारेवरच्या फांद्या छाटायच्या, तक्रारवही लिहायची. विधातेला फोन केला तर तो म्हणायचा, ‘‘दुसऱ्या कुनाला तरी द्या.’’ मला त्यात बोलायला जागाच नव्हती.

कारभारीची माफी मागायला मी गेलो होतो. तो म्हशीची धार काढत होता. मी पाठ केलेलं सगळं बोललो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, ‘‘बरं’’ म्हणाला आणि चरवी घेऊन आत गेला. मी तडक लतीफभाईंकडे. चिडून सांगितलं की एवढा वाकलो तरी त्यानं साधं ‘बस’ म्हटलं नाही. लतीफभाई सुई ओवत होते. म्हणाले, ‘‘तू माफी मागायला गेल्तास का वसूल करायला?’’ मी नंतर पुष्कळ दिवस तेवढ्या एका वाक्यावर जगलो.

लोकांचं मात्र मला फार कौतुक वाटतं. बाटली बंद झाल्यावर शेतकऱ्यांची पंचाईत झाली, की या माणसाला द्यायचं काय. कुणी पेरू आणून ठेवायचं, कुणी कांद्याची पात, कुणी खरवस. सुमन म्हणायची, तुमच्या दारूपाई भाजी महाग झाली हुती, आता ठिवायला जागा न्हाई. तरी एक जण चुकलाच. सोडून तिसरं वर्ष चालू होतं. एका रानात डीपी दुरुस्त करून गाडीशी आलो, तर डिकीत बाटली. ठेवणारा बिचारा आनंदानं ठेवून गेलेला. एप्रिलचं ऊन, आजूबाजूला माणूस नाही, आणि ती बाटली गार होती. मी तिच्याकडं बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी लतीफभाईंना फोन लावला. ते अकरा किलोमीटर लुनावरून आले, शर्टाच्या कॉलरला सुई तशीच टोचलेली. आले, डीपीच्या सावलीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, ‘‘तुमच्या ह्या खड्ड्याला पानी लागतं ना उनाळ्यात?’’ डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो आणि उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं, हे मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं. आम्ही बाटली त्यात ओतली. त्या डीपीची तक्रार पुढं दोन वर्षं आली नाही.

एकदा मी सुमनला विचारलं, तू मला माफ केलंस का. ती तांदूळ निवडत होती. ‘‘माफ केलं का न्हाई त्ये मला म्हाईत न्हाई,’’ ती म्हणाली, ‘‘पन आता मला झोप लागती.’’ मुलीची ती शाळेतली वर्षं मात्र गेली ती गेलीच. ती आज माझ्याशी छान बोलते, नातू माझ्या मांडीवर देते, तरी रस्त्यात समोरून कुणी झुलत आला की अजून तिचा हात माझा दंड घट्ट धरतो. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

सोडल्यानंतर सातव्या वर्षी जूनच्या आरंभी वादळ झालं. तालुकाभर खांब आडवे. सगळ्या गँगा बाहेर. पाटाकडची लाईन बंद पडलेली, दोन गावांना दोन दिवस प्यायचं पाणी नाही. कचेरीत उरलो होतो कारभारी आणि मी. साहेब म्हणाले, संध्याकाळी दुसरा लाईनमन येईल, तोवर थांबा. बाहेर बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. कारभारीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग शिडीचं एक टोक उचललं आणि मला म्हणाला, ‘‘धर.’’

तोच पाट, तोच खांब. आता तिथं उसाऐवजी मका होता. शिडी लावून झाली आणि तो म्हणाला, ‘‘परमिट घे.’’

मी म्हणालो, ‘‘तू घे ना.’’

‘‘मी वर जानार. खाली कोन हाय दुसरं? तुझ्या नावावर घे.’’

मी विधातेला फोन लावला. नाव सांगितलं. मग तो म्हणाला, ‘‘वर कोन चढतंय?’’ मी कारभारीचं नाव सांगितलं. ‘‘त्याला फोन द्या.’’ कारभारीनं फोन घेतला, ‘‘व्हय, मीच सांगतोय’’ एवढंच बोलला आणि परत दिला. विधातेनं लाईन बंद केली आणि वहीत इतक्या वर्षांनी माझं नाव लिहिलं.

मी मनात धरून बसलो होतो की ज्या दिवशी कारभारीचा माझ्यावर विश्वास बसेल त्या दिवशी तो साखळी न लावता वर जाईल. कसला खुळा विचार. त्यानं पिशवीतून साखळी काढली, वाकड्या बोटांनी तिचे आकडे सोडवले आणि काठीसकट माझ्या हातात दिली.

‘‘आज तू लाव.’’

मी लावली. तिन्ही तारांवर, जमिनीतला खिळा हातोडीनं ठोकून, दोनदा ओढून बघून. वीस मिनिटं लागली. तो शेजारी उभा राहून बघत होता, एका शब्दानं घाई केली नाही. मग पट्टा बांधून वर गेला. साखळी माझ्यासारख्यासाठीच असते, माणूस चुकणार हे धरून चालणारी. माझ्यापुरती ती साखळी रविवारी दहा वाजता त्या बुटक्या बाकांवर बसलेली असायची, हे मला त्या दिवशी खांबाखाली उभं राहून कळलं.

तासभर मी मान वर करून उभा होतो. एक शेतकरी मोटारसायकलवरून आला, म्हणाला, ‘‘नाना, चला, चहा तरी घ्या.’’ मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

लतीफभाई गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आजारपणातही त्यांनी माझी एक पँट शिवायला घेतली होती, ती काज न होता राहिली. त्यांच्यानंतर गटात उरलेल्यांत सगळ्यात जुना मी, म्हणून आता रविवारी कप मी धुतो. नवा माणूस उठून मदतीला आला की त्याला हातानं बाजूला करतो. कप विसळताना मला एकेक जण आठवतो. उंबऱ्यात बसलेली सुमन, ज्यांनी शिडी धरली ती दोन अनोळखी माणसं, माझ्यापायी ज्याची नोकरी जाता जाता राहिली तो विधाते. आणि ज्यानं माझ्याविरुद्ध खरं लिहिलं, तो. त्यानं तेव्हा माझ्यावर दया केली असती तर मी आज नसतो. त्याचे उपकार कसे फेडायचे हे मला अजून समजलेलं नाही.

त्या वादळाच्या दिवशी काम संपवून कारभारी खाली उतरला. पट्टा सोडला, पाटावर जाऊन हात धुतले. मी साखळी काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली. मग त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि फोन लावला.

‘‘माणसं खाली आली का?’’ विधातेनं विचारलं.

मी कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला, घामानं भिजलेला शर्ट हाताला लागला, तेव्हा कुठं बोललो, ‘‘आला. माझा हात हाय त्याच्या अंगावर.’’

‘‘मग सोडतो,’’ विधाते म्हणाला.

पलीकडच्या काठावर पाण्याची मोटार सुरू झाली. बायकांचा गलका ऐकू आला. आम्ही दोघं तसेच उभे होतो. थोड्या वेळानं कारभारी म्हणाला, ‘‘आता हात काढ की. च्या प्यायला जाऊ.’’